आजी-परिणाम

आईच्या दुधासाठी माणसानं आजवर केलेल्या धडपडीच्या इतिहासात एकवीस ऑगस्ट दोन हजार सदतीस हा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं डॉ. हेरवाडकर उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. तसा तो लिहिलाही गेला, प्रसूती विभागाच्या दारावर. पण रंगाऱ्याकडचा सोनेरी रंग ‘एकवीस ऑ’पाशी संपला आणि उरलेला इतिहास पिवळ्या ऑइलपेंटमध्ये उरकावा लागला.

पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्योत्स्ना धुमाळ होत्या. मिरजेच्या पयोदा रुग्णालयातल्या या विभागाच्या त्या प्रमुख परिचारिका. वीस वर्षं त्यांनी मुख्यतः एकच काम केलं होतं. बाळंतिणीच्या पलंगाच्या कडेला टेकायचं, तिच्या पाठीशी उशी सारायची, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावायचं आणि सांगायचं, “बाळाला छातीशी आण गं, छाती बाळाकडे नेऊ नको. पाठ मोडेल.” एका बाईमागे चाळीस मिनिटं जायची, कधी तासही. त्या तासात बाई रडायची, सासूच्या तक्रारी सांगायची, पेंगायची, आणि मध्येच केव्हातरी बाळ नीट धरायचं. याची नोंद कुठंच होत नसे. त्यामुळे धुमाळ सिस्टर दिवसभर नेमकं करतात काय, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या प्रत्येक बैठकीत निघायचा.

‘क्षीरसाक्षी’ आलं आणि तो प्रश्न मिटला.

क्षीरसाक्षी म्हणजे प्रत्येक पलंगाच्या उशाशी उभा केलेला एक करडा खांब. मान बगळ्यासारखी वाकलेली आणि टोकाला लिंबाएवढा डोळा. बाळ पिऊ लागलं की तो डोळा त्याचा जबडा बघायचा, पण त्याचं खरं लक्ष पकडीवर. बाळानं नुसतं बोंड चोखून भागत नाही. त्याभोवतीचं काळसर वर्तुळही बरंचसं तोंडात जावं लागतं, तेव्हा कुठे जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबलं जाऊन दूध येतं. वर्तुळ बाहेरच राहिलं तर बाळ उपाशी आणि आईच्या छातीला चिरा. ज्योत्स्नाबाई हे नजरेनं ओळखत, यंत्र ते मोजायचं. बाळाच्या ओठांच्या आसपास किती काळसर भाग बाहेर शिल्लक दिसतो, त्यावरून पकडीला शंभरपैकी गुण. सत्तरच्या वर हिरवा दिवा, खाली लाल. यासाठी त्याला कुणी नियम घालून दिले नव्हते. लाखो बाळांची चित्रं दाखवली होती आणि त्यावरून ते आपलं आपण ओळखायला शिकलं होतं. शिवाय बायकांची लाज राखावी म्हणून ते रुग्णालयात एकही चित्र साठवत नसे. बघायचं, गुण लिहायचा आणि बघितलेलं विसरून जायचं. या सभ्यपणाचं सगळ्यांनी फार कौतुक केलं.

पहिल्याच महिन्यात त्यानं तीन बाळं पकडली, जी गुपचूप उपाशी होती आणि शहाण्यासारखी झोपत होती. तिन्ही ज्योत्स्नाबाईंच्या नजरेतून सुटलेली. त्या दिवशी त्यांनी यंत्रापुढं हात टेकले. पाळीत सहा परिचारिका असायच्या, त्यांच्या दोन झाल्या. उरलेल्यांचं बघण्याचं काम खांब करत होते.

नियम साधा होता. एकाच बाजूला सलग तीनदा लाल दिवा लागला की बाळ ‘पूरक कक्षा’त. तिथं अठ्ठेचाळीस तास मोजून वरचं दूध. कागदावर प्रमुख परिचारिकेची सही.

*

नोव्हेंबरात डॉ. हेरवाडकरांना शोध लागला. ते रुग्णालयाचे अधीक्षक. बुटके, नीटनेटके, आणि गेली अकरा वर्षं कसला तरी शोध लागण्याची वाट बघत असलेले.

“सिस्टर, बसा. भेटायला येणाऱ्यांची दारावर नोंद होते ना? मी ती पकडीच्या गुणांशेजारी लावून बघितली. नवरा येऊन गेला, काही फरक नाही. मैत्रीण येऊन गेली, काही नाही. आजी येऊन गेली, की पुढच्याच पाजण्यात गुण धाडकन खाली. आणि गंमत म्हणजे फक्त डाव्या बाजूला. उजवी ठणठणीत, डावी लाल.”

“डावीच का?”

“हृदय कुठं असतं, सिस्टर?”

ज्योत्स्नाबाईंनी तीस वर्षांच्या नोकरीत हृदयाचा आणि पान्ह्याचा असा संबंध ऐकला नव्हता. पण डॉक्टरांनी फळ्यावर बाण काढून दाखवले. आई ताणात असली की ऑक्सिटोसिन अडतं आणि दूध असूनही उतरत नाही, एवढं त्यातलं खरं होतं. ताण आजीकडून येतो, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. डावीकडे वळणारा बाण मात्र डॉक्टरांनी स्वतःच्या हिमतीवर काढला होता.

ज्योत्स्नाबाईंना ते पटलं, कारण पटून घ्यायला त्या वीस वर्षं तयार बसल्या होत्या. पहिलं पिवळं चिकाचं दूध पिळून मोरीत टाकणारी कोण? आजी. पाठ वळली की बाळाच्या जिभेवर मधाचं बोट ठेवणारी कोण? आजी. बाळंतिणीच्या तोंडावर “हिच्या अंगाला दूधच नाही, हिच्या मावशीलाही नव्हतं” म्हणणारी? तीच. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ही बाई वीस वर्षं त्यांच्या रोज आडवी येत होती. आता ती आकड्यांत सापडली होती.

शोधनिबंध निघाला. पहिलं नाव डॉक्टरांचं, दुसरं ज्योत्स्नाबाईंचं. परिषदेत त्याला ‘आजी-परिणाम’ असं नाव पडलं आणि टाळ्याही पडल्या. डिसेंबरात फाटकावर पाटी लागली, ‘आजींना प्रवेश नाही’. तीही पिवळ्या रंगात. आणि खरंच, महिन्याभरात लाल दिवे जवळजवळ बंद झाले. याहून वेगळा पुरावा कुठल्या शास्त्रात मागतात? तोवर पूरक कक्षात गेलेल्या बाळांची संख्या साठ होती. साठही बाळांच्या आज्यांना ज्योत्स्नाबाईंनी स्वतः, शांत आवाजात, तुमच्यामुळे मुलीचं दूध अडलं असं समजावून सांगितलं होतं. समुपदेशनाचा तो भागही त्यांच्याकडेच होता.

*

पुढच्या ऑक्टोबरात त्यांची मुलगी केतकी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नवरा सहा महिन्यांसाठी परदेशी होता, नाहीतर आली नसती, हे तिनं आल्या आल्याच सांगितलं. पुण्यात ती यंत्रांना शिकवण्याच्या धंद्यात होती. कुठल्या यंत्राला काय दाखवायचं, ते निवडायचं काम.

“हे कुठल्या बाळांवर शिकलंय?” पलंगावर आडवं होता होता तिनं खांबाकडे बघत विचारलं.

“लाखो बाळांवर.”

“किती असं नाही विचारलं. कुठल्या.”

“तू आधी श्वास घे. उत्तरं नंतर.”

“म्हणजे तुला माहीत नाही.”

मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅम. पुसून लगेच केतकीच्या छातीवर ठेवली, आणि पन्नास मिनिटांत ती सरपटत, डोकं आपटत, आपली आपण जागेवर पोचली. खांबावर हिरवा दिवा लागला. ज्योत्स्नाबाईंनी हे हजार वेळा बघितलं होतं. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं आणि विनाकारण सलाइनची नळी तपासली.

“मला किती दिवस पाजलंस?” केतकीनं दुसऱ्या दिवशी विचारलं. आवाजात काही नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

“पंचेचाळीस.”

“मग?”

“मग ड्यूटी होती. तुझ्या आजीनं बाटली सुरू केली.”

“आजीनं.” केतकी हसली. “कपाटात तुझी स्तनपानाची सात स्मृतिचिन्हं आहेत. आठवतंय? मी त्यांना टेकवून बाटली ठेवायची.”

“तू आता बोलू नकोस, बाळ बिचकतं.”

“आईच्या बोलण्यानं नाही बिचकत गं. आजीच्या बोलण्यानं बिचकतं. तुमचाच निबंध.”

तरी दिवे हिरवेच होते. डावीकडे अठ्ठ्याऐंशी, उजवीकडे एक्क्याण्णव. आजी म्हणून ज्योत्स्नाबाईंना आत यायची सोय नव्हती, पण कर्मचारी म्हणून दार त्यांना ओळखत होतं आणि दाराला नाती कळत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी केतकी झोपली होती. वॉर्डातली शालनमावशी फरशी पुसता पुसता पाळण्याशी थांबली.

“बाई, नात हाय का चित्र! मिरजेत असलं पोर न्हाई बघितलं.”

“मावशी, त्या कोपऱ्यात फिनेल कमी पडलंय.”

“पडलंय खरं. पर नाक बघा की.”

शालन पुढं सरकली. ज्योत्स्नाबाईंनी आपल्या डोळ्याच्या कडेचं काजळ बोटाला लावून घेतलं, ते बाळाच्या गालावर टेकवलं, आणि त्याच डाव्या हातात पेन धरून तापमानाचा तक्ता भरायला लागल्या. यात त्यांनी काही केलं असं त्यांना स्वतःलाही वाटलं नाही.

*

संध्याकाळी पाचला उजवीकडे चोपन्न. लाल. साडेसातला एकावन्न. सकाळी सहाला पुन्हा तेच. डावी बाजू मजेत.

डॉ. हेरवाडकर स्वतः आले. लाल दिव्यापेक्षा त्यांना त्याच्या बाजूनं जास्त दुखावलं होतं.

“उजवी? उजवी कशी असेल?”

“आहे, सर.”

“चौदा महिन्यांत एकही उजवी नाही. आणि आजी तर आलेलीच नाही.” ते थांबले आणि त्यांनी ज्योत्स्नाबाईंकडे असं बघितलं, जसं रोजच्या वाटेवरच्या दगडावर नाव कोरलेलं दिसावं. “सिस्टर, तुम्ही या बाळाच्या कोण?”

ज्योत्स्नाबाईंनी पाळण्यातल्या दुपट्याची घडी घातली.

“आजी कर्मचारीच असल्यामुळे उलटा परिणाम झालाय,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. “हा पुढचा निबंध होऊ शकतो. तोवर कागद भरा.”

बाळ तेव्हा उजवीकडे पीत होतं. ज्योत्स्नाबाईंना घोट ऐकू येत होते. ‘क’ म्हणता म्हणता सोडून द्यावा, तसला मऊ आवाज. दोनदा ओढायचं, एकदा गिळायचं, एकदा थांबायचं. यात काहीही चुकत नव्हतं. वर लाल दिवा स्थिर होता.

“तुला ऐकू येतंय ना?” केतकी म्हणाली.

“येतंय.”

“मग?”

“माझे कान तीनदा चुकलेत, केतकी. ती तिन्ही पोरं उपाशी होती.”

“आणि यंत्र कितीदा चुकलं?”

“त्याची नोंद नसते.”

“सही करणार आहेस तू.” हा प्रश्न नव्हता.

साठ बायकांच्या कागदांवर सही करून एकसष्टावीला स्वतःची मुलगी म्हणून सोडायचं, हे ज्योत्स्नाबाईंना जमलं नसतं. हा प्रामाणिकपणा होता. प्रामाणिकपणात चूक असू शकते, ही शंका त्यांना त्या वेळी आली नाही. त्यांनी सही केली. शालननं पाळणा ढकलत नेला. चाकं करकरत होती आणि केतकी छताकडे बघत होती.

“मला पंचेचाळीस दिवस तरी मिळाले होते,” ती म्हणाली. “हिला तीन.”

*

दूध साठवून ठेवलेलं नसतं, ते मागणीवर बनतं. बाळ जितकं ओढेल तितका मेंदूकडे निरोप जातो आणि तितकं पुढचं दूध तयार होतं. स्तनात दूध तसंच तुंबून राहिलं, तर ग्रंथींना कळतं की गिऱ्हाईक येईनासं झालंय, आणि त्या हळूहळू फळ्या लावायला घेतात. पूरक कक्षात बाळाला दर तीन तासांनी बाटली मिळायची, आणि आईला दिवसातून दोनदा भेट. पंप होता, पण पंपाला बाळाचा वास नसतो. पहिल्या दिवशी केतकीची छाती दगडासारखी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती हळूहळू मऊ पडायला लागली, आणि ही चांगली बातमी नव्हती.

हे ज्योत्स्नाबाईंना शालनकडून कळत होतं, कारण त्या स्वतः फाटकाबाहेर होत्या. दाराच्या यादीत त्यांचं नातं आता भरलं गेलं होतं.

“आजी, पाटीमागं थांबा,” रखवालदार म्हणाला. सतरा वर्षं तो त्यांना सलाम करत आला होता.

फाटकाबाहेर लिंबाखाली सात-आठ आज्या बसायच्या. आत जाता येत नाही म्हणून त्या तिथंच दिवस काढायच्या, लेक सुटेपर्यंत. पिशव्यांत अळिवाचे लाडू, शेपूच्या भाजीचे डबे, दुपटी. मालगावच्या रंजनाक्का त्यांच्या पुढारी. त्यांनी ज्योत्स्नाबाईंना बघितलं आणि पदर सावरून जागा केली. जागा इतकी मोठी केली, की तो अपमान सगळ्यांना दिसावा.

“या की, सिस्टरबाई. बसा. तुमचीच पाटी हाय, सावली चांगली पडतीया.”

“मी उभी बरी.”

“उभ्यानं ताण येतोय म्हणं. दूध अडतंय लेकीचं.” सगळ्याजणी हसल्या. “काय वो, तुमच्यातलं इख कुठल्या बाजूला उतरतंय? डाव्या का उजव्या?”

“उजव्या,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, कारण उत्तर माहीत होतं आणि सवय होती.

“आमची समद्यांची डावी. तुम्ही शिकलेल्या, तुमचं येगळं असणार.”

तेवढ्यात आतून एक बाळंतीण बाहेर आली, घरी निघालेली. बाळाची आजी उठली, कनवटीची काजळाची डबी काढली, बोट बुडवलं आणि बाळाच्या गालावर ठिपका ठेवला. मग बोट स्वतःच्या केसांना पुसलं. तासाभरात आणखी तीन बाळं बाहेर पडली. तीन आज्या उठल्या, तीन ठिपके. ज्योत्स्नाबाई बघत होत्या, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. वॉर्डात असा ठिपका त्यांनी हजारदा बघितला असेल, म्हणजे एकदाही बघितला नव्हता. बाळाला कान असतात, तसा गालावर ठिपका असतो.

चौथ्या बाळाला त्यांच्या लक्षात आलं, की चारही ठिपके डाव्या गालावर आहेत.

समोर धरलेल्या बाळाला उजव्या हातानं ठिपका लावायचा तर बोट आपोआप बाळाच्या डाव्या गालावर पडतं. आणि बाळ डाव्या बाजूला पिताना कुशीवर असतं, डावा गाल वर. ओठापासून दोन बोटांवर, एक काळसर गोल. ओठांच्या आसपास, बाहेर शिल्लक.

ज्योत्स्नाबाईंनी आपला हात वर केला आणि बघितला. डावा हात. या हातानं जेवते म्हणून लहानपणी त्यांनी मार खाल्ला होता. मागच्या चौदा महिन्यांत वॉर्डात आलेली ही एकमेव डावरी आजी.

“कुठल्या बाळांवर शिकलंय हे,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. लाखो बाळं असतील. त्यांतल्या एकाच्याही आजीकडे काजळाची डबी नसणार. आणि सभ्यपणापायी एकही चित्र ठेवलेलं नसल्यामुळे, यंत्राला काय दिसतं ते कुणालाच दिसलं नव्हतं. नजर आपल्यावर ओढून घेणं हेच त्या ठिपक्याचं काम. ते त्यानं चोख केलं होतं.

“सिस्टरबाई, चक्कर आली का?” रंजनाक्कांनी विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

“नाही. तुमच्याबद्दल मी जे लिहिलं, ते खोटं होतं.”

“ते आमाला म्हाईत हाय की,” रंजनाक्का लगबगीनं निघालेल्या ज्योत्स्नाबाईंना म्हणाल्या. “तुमी कुठं पळालाय?”

*

धुण्याच्या दारानं शालननं त्यांना आत घेतलं. चारच्या भेटीची वेळ होती. पूरक कक्षात केतकी बाळाला घेऊन बसली होती, आणि उलट्या परिणामाचे आकडे उतरून घ्यायला डॉ. हेरवाडकर वही घेऊन उभे होते.

“सिस्टर, तुम्हाला प्रवेश नाही.”

ज्योत्स्नाबाईंनी कापूस ओला केला, बाळाचा उजवा गाल पुसला आणि काळा कापूस डॉक्टरांच्या वहीवर ठेवला. “आता पाज,” त्या केतकीला म्हणाल्या.

बाळानं तोंड लावलं, दोनदा चाटलं, मान फिरवली आणि किंचाळायला लागलं. दहा बाटल्यांनंतर त्याला आईची छाती म्हणजे नसता खटाटोप वाटत होता. बाटली तोंडात पडली की आपोआप गळते, इथं ओढावं लागतं. दिवा लाल. या वेळी यंत्राचं बरोबर होतं.

“बघा,” डॉक्टर म्हणाले.

“हात लावू नकोस,” केतकी आईला म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. “ना मला, ना हिला.”

“नाही लावत. बसते नुसती.”

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मग सांगत राहिल्या, एकेक, अधूनमधून. दुपटं काढ. तिला नुसती उघड्या छातीवर ठेव, तोंडात काही देऊ नको. रडू दे. आता बोटांनी एक थेंब काढ आणि तिच्या ओठाला लाव. बस. परत. डॉक्टर दोनदा घड्याळ बघून आले. केतकी मध्येच रडली, मध्येच “तू माझ्यापाशी अशी एकदा तरी बसली होतीस का?” म्हणाली. ज्योत्स्नाबाई “नाही” म्हणाल्या आणि बसून राहिल्या. चाळिसाव्या मिनिटाला बाळानं जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडलं.

हिरवा. शहाऐंशी.

“सर, आता इकडे बघा.” ज्योत्स्नाबाईंनी डोळ्याच्या कडेला बोट लावलं आणि पिणाऱ्या बाळाच्या गालावर ठिपका ठेवला. दिवा लाल झाला. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं. त्यांनी ठिपका पुसला. हिरवा. पुन्हा लावला. लाल.

“पुरे,” केतकी म्हणाली. “माझ्या पोरीचा फळा करू नका.”

डॉ. हेरवाडकरांनी वहीवरचा कापूस बोटानं उलटा करून बघितला. शोध जातानाचा माणसाचा चेहरा शोध लागतानाच्या चेहऱ्यापेक्षा जास्त खरा दिसतो.

“सोमवारी मानांकन समिती येतेय,” शेवटी ते म्हणाले. “हे कुणाकुणाला माहीत आहे?”

“या खोलीतल्यांना. आणि फाटकाबाहेर सगळ्यांना.”

“सिस्टर, निबंधावर तुमचंही नाव आहे.”

“दुसरं,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. “पण एकसष्ट कागदांवर एकच नाव आहे, माझं.”

*

सोमवारी समितीपुढं डॉ. हेरवाडकरांनी ‘कपोलशुद्धी उपक्रम’ मांडला. पाजण्याआधी बाळाचा गाल ओल्या कापसानं पुसल्यास स्तनपानाच्या यशात लक्षणीय वाढ होते, असं त्यात आकड्यांनिशी सिद्ध केलं होतं. रुग्णालयाला पाचवा तारा मिळाला. या नव्या निबंधावर पहिलं नाव देऊ केलं असताना ज्योत्स्नाबाईंनी ते नाकारलं. त्यामुळे त्यांची बदली कपडे-भांडारात झाली. भांडारात खांब नव्हता.

केतकीला दूध पूर्ववत यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ती आईशी बोलायचं म्हणून एकच वाक्य बोलली, “उशी सार पाठीशी.” ते दिवसातून आठ-दहा वेळा. ज्योत्स्नाबाई सारत होत्या.

आणि दुपारी साठ बायकांना फोन लावत होत्या. काहींचे नंबर बदलले होते. बहुतेकींना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. तुमचं दूध अडलं नव्हतं, तुमच्या आईनं काही केलं नव्हतं, यंत्राची चूक होती आणि माझी.

“आता कशाला सांगताय?” कुपवाडची एकजण म्हणाली. “पोरगं भाकरी खातंय.”

दुसरीनं आधी ज्योत्स्नाबाईंचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, “तुम्ही माझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं ना, तुमच्यामुळं झालं म्हणून? तिनं त्यानंतर नातवाला हातात घेतलं नाही. मांडीवर दिला तर उठून जायची. आखाडात गेली ती.”

ज्योत्स्नाबाईंनी त्या नावापुढं खूण केली नाही. पुढचा नंबर लावला.

दरम्यान ठिपक्याची तक्रार यंत्राच्या कंपनीकडे पोचली होती, आणि कंपनीनं ती गांभीर्यानं घेतली. क्षीरसाक्षीच्या नव्या आवृत्तीला काजळाचा ठिपका अचूक ओळखता येतो. तो दिसला की पडद्यावर ‘आजी उपस्थित’ अशी नोंद होते. दिवा लालच लागतो.